पलीकडचं घड्याळ

बहीण : बाबांना घड्याळाखाली बसवलंय, येताना घेऊन ये, असं दोनदा सांगितलं मी तुला.

भाऊ : मला वाटलं, तू त्यांना होडीतून अलीकडे आणलंस आणि या घड्याळाखाली बसवलंस.

बहीण : मी गाडीत जागा धरायला एकटीच पुढे आले. त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून पलीकडेच बसवलं.

भाऊ : दोन्ही गावांना सारखाच मनोरा, सारख्याच पायऱ्या. माणूस चुकणार नाही तर काय?

नावाडी : जुनी चुरस आहे साहेब. या गावाने घड्याळ लावलं, की त्या गावाने लावलंच. लांबून बघायला येतात लोक.

बहीण : काका, तेवढी होडी काढा. हात जोडते.

नावाडी : धरणाचं पाणी सोडलंय बाई. आता उद्या सकाळीच. पुलावरून जायचं तर तीन तासांचा वळसा.

बहीण : दुपारपासून उन्हात बसलेत. जवळ फोन नाही, गोळ्या माझ्या पर्समध्ये. काही झालं तर मी काय करू रे?

भाऊ : तूच बसवलंस ना तिथे? माझ्यावर ढकलू नकोस.

बहीण : सहा वर्षं कोणाकडे आहेत ते? दोन दिवस सुट्टीत जरा बघ म्हटलं, तर तू फोटो काढत हिंडलास.

भाऊ : म्हणून तर म्हणतोय, वृद्धाश्रमात नाव घालू या. सोमवारी तिथे जागा रिकामी होतेय.

बहीण : काल रात्रीही हेच चाललं होतं तुझं, त्यांच्या उशापाशी.

भाऊ : झोपले होते ते. चांगले घोरत होते.

बहीण : सोंग असतं ते. आपण मोकळं बोलावं म्हणून घोरतात. मला विचार.

नावाडी : थांबा, भांडू नका. पलीकडे माझा मेहुणा असतो, त्याला फोन लावतो.

(नावाडी चार पावलं लांब जाऊन बोलतो आणि परत येतो.)

नावाडी : सापडले. पायरीवरच आहेत. पाणी पाजलंय, रात्री मेहुण्याच्या घरी झोपतील. जिवाला घोर लावून घेऊ नका.

बहीण : घाबरलेत का हो? काही म्हणाले?

नावाडी : घाबरलेत कुठले. पोरांना सांगा म्हणाले, जागा हवेशीर आहे, मला आवडली. फक्त खोली कोणती, तेवढं विचारतायत.