मैदानाचा नफा

मंजुळा : घसा एवढा बसलाय, काळूरामशेठ, मग मीटिंगमध्ये आमची मुलींची कबड्डी बंद करायचा ठराव मांडणार कसा?

काळूराम : कागद वाचून. कॉलेजचा खजिनदार हाय मी. काल फायनलला वरडलो म्हणून हिशोब बदलत न्हाय.

मंजुळा : वरडलात? खुर्चीवर उभे होता! "चांदणी, पाय धर तिचा!" मी स्पोर्ट्सची मॅडम असून गप्प बसलेली. पंच दोनदा वळून बघत होते तुमच्याकडे.

काळूराम : एका पॉइंटावर मॅच, माणूस बसंल कसा? पण हे बघा. जिमखाना तीन लाख नफ्यात. पोरींची कबड्डी ऐंशी हजार तोट्यात.

मंजुळा : ते तीन लाख आले कुठून?

काळूराम : मैदानाच्या भाड्याचे. लग्नं, हळदी, रिसेप्शन.

मंजुळा : अच्छा. आणि क्रिकेट?

काळूराम : तोट्यात.

मंजुळा : व्हॉलीबॉल?

काळूराम : ते बी.

मंजुळा : मग खेळात फायदा झाला कोणाला?

काळूराम : ...केटररला.

मंजुळा : सतरा लग्नं लागली, शेठ! मैदानात मांडव, आणि माझ्या पोरी पार्किंगमध्ये डांबरावर प्रॅक्टिस करतायत. तरी काल कप आणला. कॉलेजचा पहिला! आणि आज तुम्ही त्यांनाच काढताय. राग येतोय मला, खरंच.

(चांदणी कप घेऊन दारात.)

चांदणी : मॅडम, कप कुठं ठेवू? कोळीवाड्यातनं आमचे समदे बघायला येतायत.

काळूराम : हितं, माझ्या टेबलावर. ये. गुडघ्याला काय गं? काल पडलीस?

चांदणी : न्हाय सर, हे पार्किंगचं. घरच्या बोटीवर मासे धरताना यापेक्षा जास्त लागतं.

काळूराम : ...मॅडम, तो ठराव फाडा. नवा लिहा. मार्चपर्यंत मैदानात एक बी लग्न न्हाय.

मंजुळा : आणि तीन लाख?

काळूराम : गेले. जिमखाना तोट्यात, असंच लिहा. कोणी विचारलं तर सांगतो मी, कॉलेज हाय, हॉल न्हाय.

मंजुळा : शेठ! चांदणी, ऐकलंस ना?

चांदणी : ऐकलं. पण सर, पुढची स्पर्धा मातीवर न्हाय. मॅटवर हाय.

काळूराम : मॅट? ती कितीला... थांबा मॅडम, आकडा आत्ता सांगू नका. मीटिंग झाल्यावर सांगा.