दोन खिशांतलं पोलाद

नाही, पण तुम्हीच मला सांगा, माणसाने आधी चौकशी करायची की नाही? हातात हत्यार आहे म्हणून समोर येईल त्यावर चालवत सुटायचं? ...हे बघा, असं बघू नका माझ्याकडे. आमच्या जिन्यात हल्ली सगळे असंच बघतात. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी तर मी दिसलो की पोराला मागे ओढतात. मी खिशात चाकू घेऊन फिरतो म्हणून नाही हो! खिशात चाकू असून काढत नाही म्हणून!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मला घडीच्या चाकूंचा नाद आहे. नाद म्हणजे कापण्याचा नव्हे, छे छे, पोलादाचा! मी विमा कचेरीत दावे तपासतो, तिथे कापायला असतं काय? पाकिटं. तीसुद्धा मी फूटपट्टीने फोडतो, कारण पाकिटाचा गोंद पात्याला लागला की पुसायला अर्धा तास जातो. पण चाकू दोन्ही खिशांत हवेत म्हणजे हवेत. उजव्या खिशात डी-टू. कडक पोलाद! धार एकदा लावली की महिनोन्‌महिने जात नाही, माझी तर चार वर्षं गेलेली नाही. आता एक आहे, धातूवर आपटला की टवका उडतो आणि ओल लागली की डाग पडतो. डाव्या खिशात चौदा-सी-अठ्ठावीस. याला गंज ठाऊक नाही, स्वभावाने नरम, धार लवकर जाते पण बिचारी लवकर येतेही. आता या दोघांत आवडता कुठला? अहो, हे म्हणजे पोराला आई आवडते की बाबा विचारण्यापैकी झालं!

आणि नेमकं तेच विचारलं हो! फोनवर आमचा एकशे चाळीस जणांचा गट आहे, सगळे याच रोगाचे. त्यांनी प्रश्न टाकला, ‘रोजच्या वापराला एकच पोलाद, कारणासह.’ एकशे एकोणचाळीस जणांची उत्तरं आली. मी पाच महिने विचार करतोय. गटात एक धारवाले काका आहेत, ते रोज सकाळी नाकातून आवाज पाठवतात, ‘कांय सांहेब, झांला का निर्णय?’ मी म्हणतो, काका, लग्न घाईत केलं तर चालतं, पोलाद घाईत निवडून चालत नाही.

हे वाक्य बायकोने ऐकलं. ते जाऊ दे.

बायको घरी पडदे शिवते. दिवसभर मशीन, आणि दोरा तोडायचा झाला की... दात! टच्‌! समोर कात्री असते हो, मीच आणून दिलेली, पण ती उचलायला वेळ कोणाला? बारा वर्षं सांगतोय, ‘अगं, माणसाने अवजारं शोधली कशाला? दातांनी तोडणं म्हणजे गुहेत राहणाऱ्यांची तऱ्हा!’ त्यावर ती दोरा दातांत धरूनच म्हणते, ‘मग द्या की तुमचा चाकू.’ आता शिवणाच्या दोऱ्याला डी-टू? मी विषय बदलतो. पण काही म्हणा, पोलाद मात्र उत्तम!

तर गेल्या रविवारी आम्ही तिघं लिफ्टने खाली निघालो. मी, बायको आणि आमची सात वर्षांची चिमणी. बायकोच्या दोन्ही हातांत पडद्यांच्या पिशव्या, माझे हात मोकळे... हो, मोकळे होते, कबूल आहे. तळमजला आला, मी उतरलो, बायको उतरली, चिमणी उड्या मारत उतरली आणि मागे लिफ्टचं दार बंद झालं. पण चिमणी पुढे येईना! तिच्या जाकिटाला कमरेशी नाडी आहे, नाडीच्या टोकाला धातूचा गोळा. गोळा आत, पोरगी बाहेर! आणि तेवढ्यात वरून कोणीतरी लिफ्ट बोलावली.

आमची लिफ्ट म्हातारी आहे. निघण्याआधी खाकरते, एक हिसका देते, दुसरा देते आणि मग उठते. तिने खाकरलं. बायकोने पिशव्या टाकल्या, बटण दाबून पाहिलं, दार ढिम्म. जाकिटाची चेन ओढली, ती तर दुकानातून आणल्यापासून अडकतेय! नाडीला आतून गाठ मारलेली, ओढून निघेना. लिफ्टने पहिला हिसका दिला, पोरगी दाराला चिकटली, आणि बायको ओरडली, ‘अहो, चाकू!’

तुम्हाला सांगतो, अख्ख्या आयुष्यात कोणीतरी पहिल्यांदा माझ्याकडे चाकू मागत होतं! म्हणजे खरोखरच्या कामासाठी! माझे दोन्ही हात दोन्ही खिशांत गेले. दोन्ही चाकू मुठीत आले. आणि मी... तसाच उभा. कारण बघा, नाडीच्या टोकाला धातू, डी-टूचा टवका उडणार. मग डावा? पण नाडी नायलॉनची असली तर नरम धार सटकणार. सुती असली तर मात्र डावा चालेल, शिवाय जाकीट सकाळीच धुतलेलं, नाडी अजून ओली, म्हणजे गंजाचाही प्रश्न... हे सगळं दोन सेकंदांत हो! डोकं काय वेगाने चालत होतं! आणि मी तोंड उघडलं आणि विचारलं...

कसं सांगू तुम्हाला. पोरीच्या टाचा उचलल्या गेल्या होत्या. ती ‘बाबा, बाबा’ करत होती. आणि तिच्या बापाने विचारलं, ‘नाडी सुती आहे की नायलॉनची?’

बारा वर्षांत पहिल्यांदा ‘अहो’चं ‘अरे’ झालं. ‘अरे काप ना मेल्या!’ म्हणाली, पण माझ्यासाठी थांबली नाही. गुडघ्यावर बसली, नाडी तोंडात घेतली, मान झटकली. एकदा. दोनदा. टच्‌! पोरगी तिच्या अंगावर पडली आणि लिफ्ट वर गेली, गोळा घेऊन. बायकोच्या ओठातून रक्त येत होतं. माझे हात अजून खिशात. दोन्ही मुठीत पोलाद. पोलाद मात्र... उत्तम होतं हो.

नशीब बघा, लिफ्ट बोलावली होती कोणी? चौथ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर! ते गोळा आणि नाडीचा तुकडा हातात घेऊन खाली आले, चष्मा वर करून टोक निरखलं. ‘हे कोणी तोडलं?’ सगळे बायकोकडे बघायला लागले, आवाज ऐकून अर्धा जिना जमला होता ना! डॉक्टर तिला म्हणतात, ‘ताई, दात जपा हं. शरीरात दाताच्या कवचाइतकं टणक काही नसतं. बाहेरचं हत्यार नव्हतं का जवळ?’ बायको हाताने ओठ पुसत होती. पहिल्या मजल्यावरच्या वहिनीच बोलल्या, ‘होती की, दोन होती.’

घरी आलो. मला बोलायचं होतं, पण काय बोलू? चुकलं म्हणू? ताटात काय वाढलंय तेही दिसत नव्हतं. बायको ओठाला बर्फ लावून म्हणाली, ‘अहो, जेवा.’ तुम्हाला सांगतो, ‘अरे’ परवडलं! त्या ‘अरे’मध्ये निदान माझ्याकडून काही अपेक्षा होती. हे ‘अहो’ पाहुण्याला म्हणतात तसलं. मी दोन्ही चाकू टेबलावर ठेवले आणि म्हटलं, ‘घे, उद्यापासून दोरे यांनी काप.’ ती म्हणाली, ‘राहू द्या. खराब होतील.’ यात टोमणा नव्हता हो! टोमणा असता तर मी सुटलो असतो. ती मनापासून काळजीने म्हणाली.

कुठे तोंड लपवावं कळेना. फोन उघडला, तर काका, ‘कांय सांहेब...’ मी लिहिलं, ‘बायकोचे दात. कारण विचारू नये.’ लोकांनी हसरे चेहरे पाठवले, त्यांना विनोद वाटला.

मग चिमणी आली. मांडीवर बसली, म्हणजे अजून बसते, एवढं सुख आहे. चाकू बोटाने जरासे ढकलून बघितले. म्हणाली, ‘बाबा, आईचे दात नसते तर तू कुठला काढला असतास? हा की हा?’

रागाने नाही, रडत नाही, सहज. गोष्ट पुढे काय झाली विचारतात तसं. आता यावर बापाने काय करायचं असतं? पोरीला पोटाशी धरायचं आणि म्हणायचं, ‘कुठलाही गं राजा, हाताला येईल तो!’ इतकं सोपं उत्तर. तुम्हाला सुचलं, मलाही आत्ता सुचतंय...

पण तेव्हा, तुमची शपथ, मी तिला म्हटलं, ‘थांब हं,’ आणि विचार करायला लागलो! ती वाट बघत बघत मांडीवरच झोपली.

आठ दिवस झाले. उत्तर अजून द्यायचंय तिला.

नाडी नायलॉनची होती म्हणे.