युसुफसाठी काढलेले आवाज

मी फैजपूरचा. बाप केळीचे घड ट्रकमधे भरे अन् मी त्या ट्रकचा आवाज काढे, काय सांगू तुम्हाला, माय भाजी सोडून दारात येऊन पाहे. यष्टी, बकरी, शाळेतले मास्तर, बठ्ठे आवाज माह्या गळ्यात. आता लग्नात, हळदीत माईकवर तेच करतो, लोक हसतात, पोट चालते.

जळगावले आलो तं मेहरूणमधे नानांच्या घरी वरची खोली भाड्यानं घेतली. शेजारच्या खोलीत युसुफ, आफ्रिकेतल्या टांझानियाचा, फार्मसी शिकाले आलेला. चहा असा करे भो, की मी माह्या खोलीतली साखर त्याच्याकडेच नेऊन ठेवली. गल्लीतले पोरं त्याले हबशी, काळ्या म्हणून ओरडत. मी म्हटलं राग नाही येत का, तं म्हणे हबशी ही शिवी कशी झाली, हा तं तुमच्याच दख्खनचा इतिहास आहे. म्हणे आमच्या लोकांना गुलाम करून इथं आणून विकलं, अन् त्यांच्यातलेच काही सरदार झाले, एकानं तं निजामशाहीचा कारभार चालवला, मोगलांना दमवलं, शहराले नहर बांधून पाणी पाजलं. मी ऐकतच राहिलो. मले शाळेत हबशी म्हणजे एवढंच माहीत, की मी काळा म्हणून मास्तर मले तसं म्हणत.

मंग थंडीत नानांनी शेतात भरीत पार्टी ठेवली. कपाशीच्या काड्या पेटवल्या, वांगे भाजले, बठ्ठे गोल बसून सोलू राह्यले. नाना युसुफले म्हणे तुमच्याकडे काय असते रे, जंगलच ना. तो बिचारा खूश, कोणी तरी विचारलं. हिंदीत सांगाले लागला, ते सरदार, ते नहर, अन् मी बायाबापड्यांना मराठी करून सांगू राह्यलो. मधेच नानांनी भाजलेलं वांगं वर धरलं अन् म्हणे, यालेबी काड्यांवर ठेवा रे, साल काढा, आतून गोरा निघीन.

बठ्ठे हसले. बायाबी पदर लावून हसल्या. युसुफ खाली पाहून वांगं सोलत राहिला, त्याले आता मराठी समजाले लागली होती भो.

वरून नाना मले म्हणे, आता याचा आवाज काढून दाखव. मी उठलो अन् नानांचाच काढला. ते खाकरणं, पँट वर ओढणं, बठ्ठं. लोक लोळू लागले. मंग त्याच आवाजात म्हटलं, याचं भाडं आपल्याले चालते भो, हा माणूस आहे हे तेवढं नाही चालत. मंग कोणीच हसलं नाही.

सकाळी नाना युसुफले म्हणे खोली खाली कर. मले नाही बरं. मले म्हणे तू आपला पोरगा, तुह्या बोलण्याचं काय धरायचं, त्याच्यापायी घरात तंटे नको.

मंग त्याले दुसरी खोली पाहाले मी फोनवर लागलो. प्रोफेसर होऊन बोललो, कोणाचा मामा झालो, रिटायर फौजदार झालो. फोनवर बठ्ठे हो म्हणत, या साहेब, खोली रिकामी आहे. युसुफ दारात उभा राहिला की खोली आत्ताच गेलेली. मी किती आवाज बदलू, दारात तं त्यालेच उभं राहायचं होतं.

शिक्षण अर्धं टाकून तो गेला. स्टेशनवर मी म्हटलं माह्यामुळं झालं. तो हसला नाही, रागावलाबी नाही. म्हणे, तू बोलला ते बरोबरच बोलला. पण खोली माझी जाणार होती, मले विचाराले पाहिजे होतं.

गाडी आली, गेली.

नानांकडे अजूनबी दर थंडीत भरीत पार्टी होते. मले आवतण येते. गेल्या थंडीत गेलो, तं नाना स्वतःच पाहुण्यांना म्हणे, हा पोरगा माही काय नक्कल करते, पाहा तं खरं. कर रे, ते भाड्यावालं कर. अन् मी तोंड उघडायच्या आधीच हसाले लागले, मांडीवर थाप मारून. मी म्हटलं नाना, गळा बसला. तं म्हणे भाव खाते साला.

युसुफचा फोन लागत नाही आता. जिथं असीन तिथं त्याच्या डोक्यावर छत राहो, बाप्पा. दुसरं काय मागू.