हिरवी खूण

नाही हो काका, तुमचं काही चुकलं नाही — किती वेळा सांगू, परीक्षा तुमची नव्हतीच, ॲपची होती. दवाखान्याची वेळ घ्यायला सांगितली, तुम्ही घेतली, पडद्यावर ही एवढी हिरवी बरोबरची खूण आली, तुम्ही फोन खाली ठेवलात — कोणीही ठेवेल. त्या खुणेखाली बारीक अक्षरांत ‘निश्चित करा’ आहे, ते दाबल्याशिवाय नोंदच होत नाही, हे तुम्हाला कुठून कळणार? आणि मला सांगता येत नाही. शेजारी बसायचं, गप्प बघायचं, हा आमचा नियम. चौदा वर्षं तेच करतेय — माणूस कुठे अडतो ते बघायचं, लिहायचं, आणि मग ते कोणी वाचत नाही तेही बघायचं. पालथ्या घड्यावर पाणी.

बसा दोन मिनिटं, फॉर्म भरते. रेकॉर्डिंग बंद केलंय, काचेपलीकडून बघणारी आमची मंडळी जेवायला गेलीत. तर ही खूण — गेल्या वर्षीच सापडली होती मला. आठातले पाच जण तुमच्यासारखेच फसले. मी लिहिलं, दोष गंभीर. साहेब म्हणाले, पाचच ना? किरकोळ लिही, ॲप सुरू करायची तारीख जवळ आलीय. भांडले का मी? भांडले की — दहा मिनिटं. मग लिहिलं किरकोळ. दोन महिन्यांनी बढती झाली, दारावर पाटी लागली, ‘वरिष्ठ संशोधक’. संशोधक कसली, डोंबलाची.

— नाही, कोणाचं नुकसान झालं नाही. म्हणजे — झालं, आमच्या बाबांचं. डोळ्यांच्या ऑपरेशनची वेळ घेतली त्यांनी, ह्याच ॲपवर, कोणाला न विचारता, एकट्याने. केवढी ऐट. खूण आली, फोन ठेवला. ठरल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून नऊ ते दोन बाकावर बसले. मग कोणीतरी सांगितलं, आजोबा, यादीत तुमचं नावच नाही. मला फोन केला, मी मीटिंगमध्ये. बाहेर येऊन मी काय म्हणाले माहितीये? बाबा, खाली लिहिलेलं वाचायला काय झालं होतं तुम्हाला? — अहो, वाचता येत नाही म्हणूनच तर चालले होते ना ते. आणि ते काय म्हणाले, तर ‘चुकलं गं माझं.’ मघाशी तुम्ही म्हणालात ना, अगदी तस्संच. तेव्हापासून फोनला हात लावत नाहीत. मी वेळ घेऊन देते म्हटलं तर नको म्हणतात, मला जमत नाही ते, राहू दे. उजव्या डोळ्याने आता माझा चेहराही नीट दिसत नाही त्यांना, आणि ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत.

हे बघा, आज लिहिलं — गंभीर. दोनदा अधोरेखित. साहेबांना काय बोलायचं ते बोलू देत. ही घ्या तुमची आल्याबद्दलची भेट, इथे सही करा. आणि जिना उतरताना मनात ठेवू नका, चूक तुमची नव्हती. येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, पाठच झालंय ते वाक्य.

— काय म्हणालात?

बाबांना सांगितलं का?

— या आता तुम्ही, काका. बाहेर पुढचे खोळंबलेत.