दोघांत एक बाटली

औषधवाली : इतक्यात संपली? एका माणसाला चांगली पुरते ही बाटली.

बायको : एकाला पुरली असती हो. आम्ही दोघं लावतो ना.

औषधवाली : दोघं? डॉक्टरांनी औषध तुमच्या मिस्टरांना लिहून दिलं होतं.

बायको : जरा हळू बोला, ताई. आधी यांना आल्या, मग मलाही दिसल्या. चामखिळी. खालच्या जागी. हे म्हणाले, रोग एक तर औषध एक, तू कशाला परक्या माणसापुढे लाजायचं? आमच्याकडे असंच असतं. एकाला खोकला झाला की सगळं घर त्याच बाटलीतून पितं.

औषधवाली : खोकल्याचं औषध निराळं, बाई. अशा आत या, कपाटामागे. बसा स्टुलावर. तुम्हाला तपासलंय कुणी?

बायको : नाही.

औषधवाली : धन्य आहे. अहो, गुप्तांगावरच्या चामखिळींना सरसकट एकच औषध नसतं. तुमची ही बाटली चामखीळ जाळते. घरी लावता येते, पण नेमकी तिच्यावरच लावायची, बाजूच्या कातडीला लागू द्यायची नाही. एक मलम असतं, ते अंगातली प्रतिकारशक्ती जागी करतं, सावकाश गुण येतो. आणि एक ॲसिड आहे, ते डॉक्टरच दवाखान्यात लावतात. कुणाला काय चालेल ते बघून ठरवायचं असतं. पाळी वेळेवर येतेय ना तुमची?

(बायको ओठांवर पदर धरते; हसू आवरत नाही.)

बायको : तुम्हाला कसं कळलं? अजून सासूबाईंनासुद्धा सांगितलं नाही. किती वर्षं वाट पाहिली, ताई. लोकांनी नको नको ते ऐकवलं. आता फक्त यांना माहीत आहे, आणि तुम्हाला.

औषधवाली : अभिनंदन करते, पण आधी माझं ऐका. हे औषध आजपासून बंद. पोटात बाळ असताना हे लावायचं नसतं.

बायको : का? बाळाला काही होतं?

औषधवाली : होऊ शकतं. झालंच असेल असं नाही. तपासल्याशिवाय मी काहीच सांगणार नाही. वर डॉक्टरीणबाई बसतात, आत्ता दाखवून घेऊ. दिवस असतानाही चामखिळींवर इलाज असतो, पण तो त्या ठरवतील.

बायको : अरे देवा. यांना बिचाऱ्यांना माहीतच नसणार. कळलं तर जिवाला लावून घेतील. पूर्वी मीच लावायचे, कधी राहूनही जायचं. दिवस गेल्याचं सांगितलं, तेव्हापासून मला हातच लावू देत नाहीत. स्वतः लावतात. एक वेळ चुकवत नाहीत. पूर्वीपेक्षा जास्तच लावतात.

औषधवाली : सांगितल्यापासून?

बायको : हो. सुरुवातीला आग व्हायची, मी रडायचे. तेव्हा हेच म्हणायचे, राहू दे आज. आता रडले तरी थांबत नाहीत. का हो, ताई?

औषधवाली : सांगू की नको, तेच कळत नाहीये. तुमचे मिस्टर परवा आले होते. म्हणाले, बाई गरोदर असेल तर हे औषध चालतं का? मी म्हटलं, अजिबात नाही. मग म्हणाले, आणि लावलं तर काय होतं? मला वाटलं, काळजीने विचारतायत. मी नीट समजावून सांगितलं. सगळं सांगितलं, बाई.

बायको : परवा?

औषधवाली : परवा.

बायको : काल त्यांनी दोनदा लावलं.

औषधवाली : तुमचं काही भांडण झालंय का?

बायको : नाही हो. हे आवाजसुद्धा चढवत नाहीत. पहिल्यांदा यांना चामखीळ आली तेव्हा एवढंच म्हणाले, माझ्याकडे हे नव्हतं, मग आलं कुठून? मी म्हटलं, मला काय माहीत? त्यावर नुसतं "बरं" म्हणाले. मला वाटलं, विषय मिटला.

औषधवाली : हा विषाणू अंगात महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं दडून राहतो. कुणाकडून कुणाला आला, ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत.

बायको : हे त्यांना नाही का सांगितलंत?

औषधवाली : त्यांनी तेवढंच विचारलं नाही.

बायको : ताई, हे बाळ त्यांचंच आहे.

औषधवाली : मला नका सांगू. माझा विश्वास आहे. उठा, मागच्या जिन्याने वर जाऊ. माहेरचं कुणी आहे बोलावण्यासारखं?

बायको : भाऊ आहे. पण हे बाहेर गाडीवर बसलेत.

नवरा : (बाहेर काउंटरवरून) ताई, आहात का आत? मिळाली का बाटली?

औषधवाली : संपलीय. तुमच्या बायकोला जरा गरगरलं, डॉक्टरीणबाईंना दाखवून आणते.

नवरा : गरगरलं? मग मी येतो ना बरोबर.

औषधवाली : बायकांची तपासणी आहे, पुरुषांना आत घेत नाहीत.

नवरा : असं होय. काही बोलली का ती?

औषधवाली : नाही.

नवरा : बरं. तिला म्हणावं, घाई करू नकोस. कितीही वेळ लागू दे, मी इथेच बसलोय.