जोकर माशाचे अकरा काटे

मंडळी, बसा. पुढे जागा आहे, सरका थोडे. खांबाला टेकलेल्यांनी टेकूनच ऐका, फक्त जागे राहा म्हणजे झालं.

आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. रोज ज्याला आपण पाहतो, त्याला आपण ओळखतो का?

तुम्ही म्हणाल, बुवा, हा काय प्रश्न झाला? पाहिलं की ओळखलं. असं? हे आमचे तबलजी बघा. यांचा धाकटा भाऊ हुबेहूब यांच्यासारखा. गेल्या खेपेला मी घाईघाईत त्या धाकट्यालाच हाताला धरून तबल्यावर बसवलं. तो बिचारा बसला. गजर सुरू झाला, तबला गप्प. तेव्हा कळलं, हा तर बँकेत असतो. हसा, हसा. पण आता जी गोष्ट सांगतो, तीत माणसाची ओळख चुकली होती आणि माशाचीसुद्धा.

हो, माशाचीच. देवळात माशाची गोष्ट कशी, म्हणून भुवया चढवू नका. भगवंतानं पहिला अवतार कोणता घेतला? मग?

तर ऐका. इचलकरंजीत भालचंद्र म्हेत्रे नावाचे गृहस्थ आहेत. सगळे त्यांना भालूअण्णा म्हणतात. तीस वर्षं मागाचे जॉबर. माग बिघडला की दुरुस्त करायचा तो जॉबर. नुसत्या खडखडाटावरून सांगायचे, चौथ्या मागाचा पट्टा सैल झालाय. खिशात कायम एक भिंग, कापडाचे धागे मोजायचं. निवृत्त झाले आणि एक छंद लागला. समुद्रातले मासे घरात पाळायचे. आता इचलकरंजीत समुद्र कुठला? तर पाकिटातलं खास मीठ मोजून पाण्यात कालवायचं, आणि बादलीत समुद्र करायचा.

काचेच्या त्या टाकीत जोकर माशांची एक जोडी होती. तुम्ही पाहिला असेल तो मासा. नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे. एक मोठा, एक लहान. मोठी ती मादी आणि लहान तो नर. यांच्यात घरचा कारभार मादीकडेच असतो. का हो मावशी, खूश झालात?

अण्णांच्या पत्नी पद्माकाकू. त्यांना या छंदाचं कौतुक नव्हतं आणि राग पण नव्हता. त्या म्हणायच्या, "पत्ते खेळायला जात नाहीत, घरात बसतात, तेवढं पुष्कळ."

आणि एके सकाळी चहाचा कप हातातून पडला. अण्णांची उजवी बाजू गेली. मेंदूत रक्ताची गाठ. तीन आठवडे दवाखाना. जीव वाचला, मंडळी, पण वाणी गेली. एवढा बोलका माणूस, तोंडात एकच शब्द उरला. "बघ." पाणी हवं, "बघ." कूस बदलायची, "बघ." डॉक्टर म्हणाले, यांना किती समजतं ते आज सांगता येणार नाही, वेळ द्या.

वेळ कोण देतो हो? लोक भेटायला यायचे. अण्णांच्या समोर बसून, अण्णांबद्दल, काकूंशी बोलायचे. "जेवतात का?" "ओळखतात का?" तुम्हांला खरं सांगतो, मीसुद्धा गेलो होतो. कीर्तनाला त्या गावी गेलो की त्यांच्याकडेच उतरतो मी. अण्णा पलंगावर बसलेले, डोळे माझ्यावर. आणि मी काकूंना विचारलं, "कळतं का हो यांना काही?" इथे व्यासपीठावर उभं राहून ज्ञान सांगणारा मी. काकूही हळूहळू अण्णांशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागल्या होत्या. "आता आपण मऊ भात खायचा हं." प्रेमानंच. पण तीस वर्षं माग सांभाळलेला तो माणूस भिंतीकडे तोंड करायचा.

दवाखान्याच्या त्या तीन आठवड्यांत टाकीतली मादी मेली होती. उरलेला नर एकटा एका कोपऱ्यात, काचेला नाक लावून. खाणं टाकलं की पाहायचा आणि तोंड फिरवायचा. आणि त्याच्याकडे बघत बघत अण्णांचंही जेवण कमी झालं. तीन महिने होत आले तेव्हा चार घासांवरून दोनवर आलं. काकू घाबरल्या. मनाशी म्हणाल्या, हा मासा गेला तर मागोमाग हेही जातील.

म्हणून त्या गेल्या माशांच्या दुकानात. दुकान रेश्मा मुल्ला नावाच्या बाईंचं. माहितगार बाई. पण त्या दिवशी त्या बाहेरगावी होत्या, गल्ल्यावर त्यांचे सासरे. काकूंनी विचारलं, "जोकर मासा आहे का?" सासरे म्हणाले, "हे काय, तीन टाक्यांत आहेत. सगळे जोकरच." काकूंनी पाहिलं. सगळ्यांना पांढरे पट्टे, सगळे बोटाएवढे. एका टाकीतला रंगानं जास्त लाल, चकचकीत, डौलदार. आता सांगा, बायांनो, तुम्ही कोणता घेतला असता? काकूंनीही तोच घेतला. पिशवीत पाणी, पाण्यात तो लालबुंद मासा, आणि मनात आनंद. आज हे हसतील.

घरी आल्या, पिशवी अण्णांसमोर धरली. अण्णांनी पाहिलं आणि एकदम ताठ झाले. "बघ. बघ." डाव्या हाताचं बोट गालावर आपटायला लागले. पुन्हा पुन्हा गालावर. चेहरा लाल. काकूंना वाटलं, दाढ दुखते आहे. मासा टाकीत सोडला, रिक्षा बोलावली, आणि दोघं दाताच्या डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी दिवा लावून सगळं तोंड पाहिलं. म्हणाले, "काकू, यांचे दात माझ्यापेक्षा चांगले आहेत." घरी परत. अण्णा डोळे मिटून बसले. बोलता न येणाऱ्यानं डोळे मिटले की समजावं, तो थकला आहे आपल्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू टाकीपाशी गेल्या तर जुना मासा दिसेना. शोधला तर पंपाच्या मागे दडलेला. शेपटी फाटलेली, पोहायच्या एका पराची चिंधी झालेली. आणि तो लाल देखणा टाकीभर फिरतोय, जहागीरदारासारखा. काकू अण्णांच्या पलंगापाशी धावल्या. "अहो, हे काय झालं? दोघं एकाच जातीचे ना?"

अण्णांनी डाव्या हातानं उशीखालचं भिंग काढलं. काकूंच्या हातात दिलं. त्यांचं मनगट धरलं आणि भिंग टाकीच्या काचेवर टेकवलं. म्हणाले, "बघ."

काकूंनी पाहिलं. लाल मासा भिंगासमोर आला, थांबला. डोळ्याच्या खाली, गालावर, मागच्या बाजूला वळलेला काटा. स्पष्ट दिसला. काकूंनी भिंग जुन्या माशावर नेलं. त्याचा गाल साफ. काकू वळल्या. अण्णांचं बोट पुन्हा गालावर होतं.

मंडळी, काय वाटलं असेल त्या बाईला? म्हणाल्या, "तुम्ही काल हेच सांगत होता. दाढ नव्हती दुखत." अण्णांनी मान डोलावली. आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा हसले. अर्धंच हसू, कारण अर्धा चेहरा ऐकत नव्हता. काकू रडल्या, पण आधी त्यांनी भाजीची जाळीदार टोपली टाकीत उपडी करून त्या लालबुवांना तिच्यात कोंडलं. पहिलं काम पहिलं.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी तीन महिन्यांत केली नव्हती. अण्णांना विचारलं. "दुकानात तुम्ही येता माझ्याबरोबर?" आणि उत्तरासाठी थांबल्या. अण्णांनी चपलेकडे बोट केलं.

दुकानात रेश्माबाई परतल्या होत्या. पिशवीतला मासा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "काकू, ही गालाला काटा असलेली जात. तापट असते. हिला वेगळं घर लागतं, दुसरा जोकर ती राहू देत नाही. चूक आमची, मी परत घेते." काकू म्हणाल्या, "मासा वाईट आहे का?" रेश्माबाई म्हणाल्या, "वाईट नाही हो. तिच्या जागी ती चांगली. तुमच्या टाकीत नाही." ऐकलंत? एवढं कळलं तर निम्मी लग्नं सुखाची होतील.

"मग हे बाकीच्या दोन टाक्यांतले?" काकूंनी विचारलं. रेश्माबाई जरा अडखळल्या. "खरी पंचाईत इथेच आहे. या दोन जाती सख्ख्या बहिणींसारख्या. एकीच्या पांढऱ्या पट्ट्यांना जाड काळी किनार येते, दुसरीची किनार बारीक. पण पिल्लांत ती किनार नीट उमटलेली नसते. परवा आलेली पिल्लं एकत्र मिसळून आलीत. वेगळ्या जातीचं कधी जमतं, कधी नाही. तुमचा मासा आधीच जखमी, त्याला पुन्हा धोका नको. पाठीवरच्या परामधले काटे मोजले तर कळतं. एकीला बहुधा दहा, दुसरीला अकरा. माझी नजर तेवढी चालत नाही."

काकूंनी अण्णांकडे पाहिलं. "आपल्याला किती काट्यांचा हवा?"

अण्णांनी डाव्या हाताची पाच बोटं टेबलावर टेकली. उचलली. पुन्हा पाच टेकली. मग एक.

डॉक्टर म्हणाले होते, किती समजतं सांगता येणार नाही. पाच, पाच आणि एक.

रेश्माबाईंनी एकेक पिल्लू पारदर्शक डबीत घेऊन समोर धरलं. अण्णांनी भिंग लावलं. पिल्लानं पाठीवरचा पर ताठ केला की बोटं टेबलावर हलायची. पहिलं पिल्लू, दहा. अण्णांनी मान हलवली, नको. दुसरं हलत राहिलं, मोजता आलं नाही, ठेवून दिलं. घाई नाही. तीस वर्षं कापडाचे धागे मोजलेले डोळे ते. काकूंच्या मनात एक पिल्लू भरलं होतं, काळ्या रेघेचं, फार गोड. त्यांनी ते पुढे केलं. अण्णांनी मोजलं. दहा. काकूंकडे असं पाहिलं की काकू म्हणाल्या, "बरं, राहिलं." संसारात हेही असतंच. सहावं पिल्लू आलं, साधं, फिकट नारिंगी, जुन्या माशापेक्षा बरंच लहान. अण्णांनी एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. पाच, पाच, एक. डबीवर हात ठेवला तो काढेचनात.

ते पिल्लू घरी आलं. चार दिवस टोपलीत ठेवलं, दोघांची नजरानजर झाली. पाचव्या दिवशी सकाळी काकूंनी टोपली उचलली. जुना मासा सरळ त्याच्या अंगावर गेला. काकूंनी डोळे झाकले. पिल्लू पळालं नाही. एका कुशीवर कललं आणि अंगभर थरथरलं. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ, थोरपणा तुमचा, मला राहू द्या. जुना थांबला. त्याच्याभोवती एक फेरी मारली. आणि दोघं शेजारी शेजारी पोहायला लागले. दुपारी खाणं टाकलं, दोघांनी खाल्लं. काकू म्हणाल्या, "माझ्या छातीवरचा दगड त्या वेळी खाली आला." अण्णांनी त्या दुपारी आमटीभात खाल्ला, आणि ताट पुढे सारलं, आणखी वाढ म्हणून.

पुढे मी त्यांच्या घरी गेलो. उंबऱ्यातच हात जोडले आणि काकूंना नाही, अण्णांना म्हणालो, "मागच्या खेपेला चुकलो, माफ करा." अण्णांनी बराच वेळ तोंड हलवलं. काकू मध्ये बोलल्या नाहीत, थांबल्या. मीही थांबलो. मग अण्णांच्या तोंडून नवा शब्द आला, घोगरा, तुटका. "च... चहा." काकू म्हणाल्या, "हा आठवडाभरापूर्वी आला. अजून तिघांनाच ऐकवलाय. बसा, चहा ठेवते."

मंडळी, सारखे दिसणारे मासे वेगळे निघाले, आणि वेगळा वाटणारा माणूस तोच निघाला. माशासाठी भिंग लागलं. माणसासाठी काय लागलं? विचारणं, आणि विचारून थांबणं. नामस्मरण करा, अवश्य करा. पण ज्याचं नाव घेता तो देव बसलाय कुठे? तुमच्या घरी कुणी आहे का हो असं? ऐकू कमी येतं म्हणून, हात कापतो म्हणून, विसरतात म्हणून, ज्यांच्यासमोरच आपण त्यांच्याबद्दल दुसऱ्याशी बोलतो? कोण आहे ते तुम्हांला आत्ता आठवलं, मला दिसतंय. प्रसाद घ्या, घरी जा, त्यांच्याशेजारी बसा. एक खरा प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. आजची आरती ती समजा.