बदामी कापसाची उशी

[जुने शहर, अकोला. मे संपत आलेला. अब्दुल गफ्फार पिंजाऱ्याचं गाद्या-उशांचं दुकान. मागं घर, दारात बांधलेली बकरी. अमरावतीहून देशी बियाण्यांची नोंद करायला आलेली आकांक्षा मांडीवर फॉर्म घेऊन बसली आहे. गफ्फारची बायको नईमा चुलीपाशी.]

आकांक्षा: म्हणजे सगळी सरकी बकरीनं खाल्ली?

गफ्फार: सगळी. मजुरीच तशी ठरली व्हती ना बाप्पा. कौशल्याबाई कापूस आणते, मी चरकीवर सरकी काढतो, रुई पिंजतो, उशी भरून देतो. पैसे नाई घ्यायचे, सरकी माही. सतरा वर्सं झाले. आता सरकी मी खाऊ का? बकरीच खाईन.

आकांक्षा: मूठभरसुद्धा नाही उरली?

नईमा: बकरीच्या दुधाचा चहा उरला हाय. घेतं का पोरी?

आकांक्षा: थांबा जरा, चाची. चाचा, तो बदामी कापूस दुसऱ्या कोणाकडेच नाही. मी अमरावती-अकोला, दोन्ही जिल्हे पालथे घातले. वलगावला माझ्या मामाकडे विचारलं, तर लोक हसायला लागले. म्हणे पोरगी शिकून बिघडली.

गफ्फार: हसतीनच ना. पांढऱ्या कापसाले भाव भेटून नाई राहिला, तं मातकट कापसाले कोन इचारते? पन रुई, बेटी! हातात घेतली का लोनी. लहान लेकराची उशी भरावं तं त्याचीच. कौशल्याबाईच्या घरी बाळंतीण आली का पह्यला निरोप मले.

आकांक्षा: त्यांच्या विहिरीजवळ त्याची चार झाडं होती.

गफ्फार: व्हती काहून म्हणतं?

आकांक्षा: त्यांच्या मुलानं, नितेशनं उपटली. बीटीचं पाकीट आणलंय, म्हणून विहिरीपर्यंत सगळं वावर साफ केलं. बारमाही झाडं, कायम उभी. बी राखून ठेवायची कधी वेळच आली नाही. कौशल्यामावशी दोन दिवस जेवल्या नाहीत. मग म्हणाल्या, गफ्फारभाईकडे जा, सरकी त्याच्याकडेच राहते.

गफ्फार: या अल्ला. लय वाईट झालं हे.

नईमा: त्या नितेशले इथी पाठव. बकरीजोळ बांधते.

गफ्फार: पन मले एक सांग. तू म्हणतं दिल्लीचा कागद हाय. दिल्लीले माह्या बकरीनं काय खाल्लं याच्याशी काय करायचं हाय?

आकांक्षा: देशाचा आराखडा बनतोय, चाचा. कोणतं झाड, कोणतं बियाणं, कोणतं पाखरू राखायचं, आणि राखता राखता वापरायचंही कसं. धारणीच्या जंगलापासून तुमच्या गल्लीपर्यंत लोकांना विचारून लिहायचं ठरलंय. आमची यादी उद्या जाते. बियाणं हातात असलं तर 'आहे' लिहायचं, आणि मृग लागला की मावशींच्या परसात पेरायचं. नसलं तर हा दुसरा रकाना.

गफ्फार: त्याच्यात काय लिवलं हाय?

आकांक्षा: हा घ्या, वाचा ना.

गफ्फार: लय बारीक अक्षर करून ठेवते सरकार.

नईमा: कागद उलटा धरला तं कोनतंबी अक्षर बारीकच दिसते.

गफ्फार: माह्ये डोळे चांगले हायेत!

नईमा: हाव ना. परवा इजेच्या खांबाले सलाम केला. खांबानं जवाब नाई दिला म्हणून दिवसभर फुगून बसले.

आकांक्षा: 'नामशेष' लिहिलंय, चाचा. म्हणजे संपलं. पुन्हा दिसणार नाही.

गफ्फार: असं कसं संपन? थांब. मागच्या दिवाळीत कौशल्याबाईच्या नातीच्या पोरीसाठी उशी भरली मी! त्याच्यात एखांदा दाणा...

आकांक्षा: मावशींनी स्वतः उसवली. बोटं घालघालून पाहिलं. एकही नाही.

गफ्फार: नसनच! गफ्फारच्या उशीत सरकी? पन्नास वर्सं झाले पिंजून राहिलो. मशीनवाल्यायच्या गाद्या पाह्य, पाठीले टोचतेत. माह्या हातून आजवर एक दाणा सुटला नाई. आज पह्यल्यांदा वाटते, सुटला असता तं बरं झालं असतं.

नईमा: साखर आणा.

गफ्फार: सकाळीच तं आणली.

नईमा: सरली.

गफ्फार: पावभर साखर दुपारच्या आत?

नईमा: सरली म्हणते ना! पोरगी अमरावतीहून आली, तिले फिका चहा पाजू?

गफ्फार: जातो बाप्पा, जातो. बस बेटी, आलोच.

नईमा: गेले? पाह्य बरं गल्लीत.

आकांक्षा: गेले. कोपऱ्यावरून वळले. काय झालं, चाची?

नईमा: हे घे. आवाज लहान ठेव.

आकांक्षा: ही तर उशी आहे. तुमची?

नईमा: माही. दाब.

आकांक्षा: काय टोचतंय हे? खडे भरलेत का?

नईमा: सरकी. कौशल्याबाईच्या कापसाची.

आकांक्षा: चाची!

नईमा: हळू! त्यायच्या डोळ्यात मोतिया उतरला, चार वर्सं झाले. बाकीची रुई कारखान्यातून साफ होऊन येते, तिचं काही नाई. कौशल्याबाईच्याच कापसाची सरकी घरी काढा लागते. चरकीतून दाणे सुटतेत, त्यायले दिसत नाईत. मंग उशी भराच्या अगुदर मी सरकीवाली रुई काढून घेते, अन् माह्या उशीत कोंबते.

आकांक्षा: मग बकरीलाच का नाही घातली?

नईमा: बकरीचं टोपलं तेच भरतेत. रोज चाचपून पाह्यतेत. पिंजून झाल्यावर सरकी आली कुठून, हे समजलं असतं ना.

आकांक्षा: चार वर्षं तुम्ही या उशीवर झोपताय?

नईमा: एकाच कुशीवर. दुसऱ्या कुशीवर कानाले टोचते.

आकांक्षा: पण हे उगवेल का आता?

नईमा: मागच्या पावसात टीन गळलं, उशी भिजली. कोंब निघाला. आठ दिवस उशीले हिरवा कोंब व्हता, पोरी. मी मुद्दाम त्यायच्या समोर ठेवली. नाई दिसला. तवा मी मोरीत जाऊन रडली.

आकांक्षा: मोतीबिंदूचं ऑपरेशन तर साधं असतं, चाची.

नईमा: तुले साधं. त्यायले वाटते, दवाखान्यात गेलो का गल्ली म्हणन, गफ्फार आंधळा झाला. त्यायच्याजोळ हात अन् नाव, एवढंच तं हाय. तू सरकी घेऊन जाय. कुठी भेटली ते नोको सांगू. लिव, कौशल्याबाईच्या पेटीत भेटली.

आकांक्षा: खोटं कसं लिहू? कोणी जतन केलं आणि कसं केलं, असे दोन रकानेच आहेत.

नईमा: मंग ते रिकामे ठेव.

गफ्फार: काहून रिकामे ठेवायचे?

नईमा: साखर आणली?

गफ्फार: पैसे इसरलो, अर्ध्यातून वापस आलो.

नईमा: कवाचे उभे हा तिथी?

गफ्फार: कोंबापासून.

नईमा: तुमाले वाईट वाटन म्हणून मी काही...

गफ्फार: तू कूस बदललं का कुरकुर आवाज ये. मले वाटे उंदीर हाय. मी उंदराचं औषध आणलं, नईमा! दोन खेप!

नईमा: हाव. तेबी मीच फेकलं.

गफ्फार: कातर दे.

नईमा: राहू द्या. बोट कापून घेसान. मी उसवते.

गफ्फार: ...उसव.

आकांक्षा: चाचा, तुम्ही म्हणत असाल तर मी ते रकाने खरंच...

गफ्फार: सारे भर. बियाणं आहे, असं लिव. मोठं लिव, मलेबी वाचता आलं पाहिजे.

आकांक्षा: लिहिलं. जतन कोणी केलं?

गफ्फार: नईमाबी, अब्दुल गफ्फारची बायको. नाई, खोड ते. नुसतं नईमाबी लिव.

आकांक्षा: आणि जतनाची पद्धत?

गफ्फार: नवऱ्याले न सांगता.

नईमा: काहीबी! दिल्लीचे लोक काय म्हणतीन?

गफ्फार: म्हणतीन, वऱ्हाडात तशीच रीत हाय.

आकांक्षा: चाची, पाहा तरी किती सरकी निघाली! ओंजळ भरली. अर्धी आजच मावशींना नेऊन देते.

नईमा: अन् मी झोपू कायच्यावर?

गफ्फार: नवी उशी भरून देतो तुले. आजच. पन सरकी तू वेच, माह्यासमोर बसून. मले दिसत नाई.